कॅनबेरा: पुढून तोफा, मागून क्षेपणास्त्रं

'यूएसएस कॅनबेरा' या अमेरिकन क्रूझरचा १९५६ नंतरचा कुठलाही फोटो घ्या आणि तळहाताने जहाजाची मागची बाजू झाका. जे उरेल ते दुसऱ्या महायुद्धातलं जहाज आहे. टोकदार नाळ (जहाजाचं पुढचं टोक), तिच्यामागे एकावर एक पायरी असावी तसे दोन बुरूज, प्रत्येक बुरुजातून बाहेर आलेल्या तीन-तीन तोफा. आता हात सरकवून पुढची बाजू झाका. तोफांचा मोठा बुरूज कुठेच नाही. त्याऐवजी रडारच्या दोन भल्यामोठ्या तबकड्या, आणि त्यांच्या मागे डेकवर दोन विचित्र यंत्रं. प्रत्येक यंत्राला दोन हात, आणि हातांवर आठ-आठ मीटर लांबीचे निमुळते बाण. दोन वेगळ्या काळातली जहाजं मध्ये कापून कुणी जोडून टाकावीत, तसं हे दिसतं.

जवळपास तसंच झालं होतं. म्हणून या जहाजाचा नंबरही बदलत गेला. आधी ७०, मग २, आणि शेवटी परत ७०. हा नंबर परत ७० का झाला, हे समजलं की क्षेपणास्त्रांच्या पहिल्या जमान्याबद्दल बरंच काही समजतं.

क्रूझर म्हणजे नेमकं काय

मुंबईतल्या जुन्या माणसांना क्रूझर सांगायला लागत नाही, कारण त्यांनी 'आयएनएस म्हैसूर' पाहिलेली असते. १९५७ ते १९८५ ती आपल्या नौदलात होती, १९७१ च्या युद्धात पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती, आणि तिच्यावर सहा इंची नऊ तोफा होत्या. बॅटलशिपएवढी अजस्र नाही, डिस्ट्रॉयरएवढी छोटीही नाही. लांबच्या समुद्रात महिनोन्‌महिने राहू शकणारी, वेगवान आणि चांगली चिलखती.

क्रूझरमध्ये 'हलकी' आणि 'जड' असे दोन प्रकार असत, पण यात एक गंमत आहे. हा फरक जहाजाच्या वजनावरून ठरत नसे, तोफेच्या तोंडावरून ठरे. १९३० च्या लंडन करारात रेषा आखली होती ६.१ इंचांवर. त्याहून रुंद तोंडाची तोफ असेल तर क्रूझर जड, नाहीतर हलकी. 'म्हैसूर' या हिशेबाने हलकी. 'कॅनबेरा' जड, कारण तिच्यावर आठ इंची तोफा होत्या, तीन बुरुजांत मिळून नऊ.

आठ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर. आकडा ऐकून काही वाटत नाही, म्हणून असं बघा: यातल्या चिलखत फोडणाऱ्या एका गोळ्याचं वजन १५२ किलो, म्हणजे तांदळाची पन्नास किलोची तीन पोती. आणि ही तीन पोती सुमारे २७ किलोमीटर लांब जाऊन पडत. गेटवे ऑफ इंडियासमोर जहाज उभं केलं, तर गोळा गोरेगावात.

जहाज स्वतः २०५ मीटर लांब, पूर्ण भरल्यावर साधारण १७ हजार टनांचं, आणि चार पंख्यांवर ताशी ३३ सागरी मैल, म्हणजे ६० किलोमीटरच्या आसपास पळणारं.

परक्या राजधानीचं नाव

मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या गोदीत १९४१ मध्ये बांधायला घेतलं, तेव्हा हिचं नाव 'पिट्सबर्ग' ठरलं होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये सॉलोमन बेटांजवळ साव्हो बेटाच्या लढाईत जपान्यांनी रात्रीच्या अंधारात दोस्तांच्या ताफ्याची धूळधाण केली. त्यात 'एचएमएएस कॅनबेरा' ही ऑस्ट्रेलियाची क्रूझर गेली. तिच्यावरचे ८४ जण मेले. त्या जहाजाच्या आठवणीसाठी अमेरिकेने आपल्या बांधकामातल्या क्रूझरचं नाव बदलून 'कॅनबेरा' केलं. अमेरिकन युद्धनौकेला दुसऱ्या देशाच्या राजधानीचं नाव, हे तोवर झालं नव्हतं. एप्रिल १९४३ मध्ये जहाज पाण्यात उतरलं, ऑक्टोबरमध्ये नौदलात दाखल झालं.

बरोबर वर्षाने, १३ ऑक्टोबर १९४४ ला, ते मरता मरता वाचलं. तैवानजवळ, ज्याला तेव्हा फॉर्मोसा म्हणत, जपानी विमानाने टाकलेला पाणतीर चिलखताच्या पट्ट्याच्या खाली लागला. २३ जण जागच्या जागी गेले. मागची बॉयलरखोली आणि दोन्ही इंजिनखोल्या समुद्राने भरल्या. साडेचार हजार टन पाणी आत आलं, म्हणजे जहाजाच्या स्वतःच्या वजनाच्या चौथाईहून जास्त. तरी ते बुडालं नाही. याचं श्रेय पोटातल्या आडव्या-उभ्या लोखंडी भिंतींना. डब्याच्या आत डबे असावेत तशी रचना असल्यामुळे पाणी ठरावीक खोल्यांतच अडलं. पण इंजिनं मेली, त्यामुळे जहाज म्हणजे शत्रूच्या दारात पडलेला १७ हजार टनांचा ओंडका.

दुसऱ्या क्रूझरने दोर टाकून ओढायला सुरुवात केली, वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा. दुसऱ्याच दिवशी 'ह्यूस्टन' नावाच्या क्रूझरलाही पाणतीर लागला आणि तिला ओढायला आली 'बॉस्टन'. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे. टोकियो रेडिओ तोवर अमेरिकेचा तिसरा ताफा बुडवल्याच्या बातम्या देत होता. या ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल हॉल्सी यांच्या डोक्यात कल्पना आली की या दोन लंगड्या जहाजांना आमिष म्हणून वापरावं: जपानी ताफा उरलंसुरलं संपवायला आला की त्याला गाठायचं. खलाशांनी या तुकडीला लगेच 'आमिष तुकडी' असं नाव दिलं. जपानी जहाजं थोडी पुढे आली खरी, पण वास लागताच मागे फिरली. 'कॅनबेरा' उलिथी बेटापर्यंत पोहोचली, तिथून पुढे दुरुस्तीसाठी थेट बॉस्टनच्या गोदीत, आणि दुरुस्ती संपेपर्यंत युद्धही संपलं. १९४७ मध्ये तिला कुलूप लागलं. वय अवघं साडेतीन वर्षं.

तोफेचा गोळा वळत नाही

आता विषयाच्या मुळाशी जाऊ. ज्या महिन्यात 'कॅनबेरा'ला पाणतीर लागला, त्याच महिन्यात फिलिपिन्सजवळ जपानी वैमानिकांनी विमानासकट जहाजांवर आदळायला सुरुवात केली. कामिकाझे.

जहाजावरून विमान पाडणं हे तोपर्यंत तोफांचं काम होतं, आणि तोफेची अडचण साधी आहे. नळीतून सुटलेला गोळा वळत नाही. तुम्ही विमान आत्ता कुठे आहे तिथे मारून उपयोग नाही, ते पुढे कुठे असेल तिथे मारावं लागतं. समजा गोळ्याला पोहोचायला वीस सेकंद लागणार आहेत. ताशी ९०० किलोमीटरने येणारं जेट विमान सेकंदाला २५० मीटर सरकतं, म्हणजे वीस सेकंदांत पाच किलोमीटर. एवढ्या वेळात वैमानिकाने हातातली दांडी जराशी कलवली, तरी तुमचं सगळं गणित पाण्यात. म्हणून जवळ येऊ द्यायचं आणि शेकडो गोळ्या उधळायच्या, हाच उपाय होता. पण कामिकाझेच्या बाबतीत जवळ येऊ देणं हाच घात. पेटलेलं, अर्धं तुटलेलं विमानसुद्धा तसंच पुढे येऊन डेकवर आदळतं.

यावरचं उत्तर म्हणजे सुटल्यानंतरही वळू शकेल असा गोळा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नौदलाने हे काम सुरू केलं होतं. कामाचं सांकेतिक नाव 'बंबलबी', म्हणजे भुंगा. मुख्य बेत होता 'टेलॉस' नावाच्या मोठ्या, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा. पण टेलॉसची दिशा-यंत्रणा तपासण्यासाठी जे छोटं चाचणीचं क्षेपणास्त्र बनवलं, तेच इतकं ठीकठाक निघालं की त्यालाच शस्त्र करायचं ठरलं. त्याचं नाव 'टेरियर'. थोरल्यासाठी शिवलेला नमुन्याचा कपडा धाकट्याला बसावा, तसं. आणि धाकटाच आधी कामाला लागला.

झोताच्या दांडीवर चढलेला बाण

टेरियर दिशा कशी धरायचं, हे मी भाच्याला गच्चीवर विजेरी घेऊन समजावलं होतं. (त्या रात्री लाइट गेले होते, म्हणून मुलगा ऐकायला मोकळा होता.) विजेरीचा झोत समोरच्या नारळाच्या झाडावर धरला. त्याला म्हटलं, समज, झाड म्हणजे विमान, आणि तू म्हणजे क्षेपणास्त्र. तुला झाड दिसत नाही. तुला एवढंच कळतं की आपण उजेडात आहोत की अंधारात. तू झोताच्या आत शिरायचंस आणि आतच राहायचंस. डावीकडे अंधार लागला की उजवीकडे सरकायचं, खाली अंधार लागला की वर. एवढं केलंस की झोताच्या टोकाला जे काही आहे त्याला तू धडकणारच.

त्याने लगेच विचारलं, "पण मामा, झाड पळालं तर?"

झाड पळालं तर विजेरी धरणाऱ्याने हात हलवायचा. झोत हलला की आतला बाणही हलतो. जहाजावर विजेरीच्या जागी रडार असतं आणि उजेडाच्या जागी रेडिओलहरी. क्षेपणास्त्राच्या मागच्या बाजूचा ग्राहक त्या लहरी पकडतो, झोत फिरत्या पद्धतीने टाकलेला असल्यामुळे आपण मध्यापासून कुठल्या बाजूला सरकलो हे त्याला कळतं, आणि पंख त्याप्रमाणे वळतात. म्हणजे अक्कल बरीचशी जहाजावर. बाण बिचारा आज्ञाधारक.

पद्धत साधी आहे आणि सगळ्यात मोठा फायदाही तोच. तिच्या मर्यादासुद्धा तुम्ही विजेरी घेऊन गच्चीवर बघू शकता. झोत लांब जाईल तसा पसरतो. दहा पावलांवर जो ताटाएवढा असतो तो लांबच्या भिंतीवर दरवाजाएवढा होतो. त्यामुळे लक्ष्य जितकं लांब तितका नेम ढिला. सुरुवातीच्या टेरियरचा पल्ला वीसेक किलोमीटरच्या आत होता, त्यामागे इंधनाइतकंच हेही कारण. दुसरं असं की लक्ष्य समुद्रालगत खाली आलं तर लहरी पाण्यावरून परावर्तित होतात आणि बाणाला दोन-दोन उजेड दिसायला लागतात. आणि तिसरं, जितक्या विजेऱ्या तितकीच लक्ष्यं. 'कॅनबेरा'वर क्षेपणास्त्रांसाठी दोन रडार होती, म्हणजे एका वेळी दोन विमानं. तिसऱ्याने थांबायचं? ते थांबत नाही.

ऑपरेशन

क्षेपणास्त्र तयार होत आलं, पण ते वाहणार कोण? नवं जहाज बांधायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. इकडे अमेरिकेकडे युद्धातल्या डझनावारी क्रूझर कुलूप लावून उभ्या होत्या, त्यातल्या कित्येक जेमतेम वापरलेल्या. चांगलं चिलखत, दमदार इंजिनं, आणि मुख्य म्हणजे पोटात जागा. क्षेपणास्त्राला सगळ्यात जास्त लागते ती जागा. गोळे मडक्यांसारखे एकावर एक रचता येतात, पण आठ मीटर लांबीचा आणि बूस्टरसकट (सुरुवातीला धक्का देणाऱ्या मागच्या रॉकेटसकट) १,३०० किलोंहून जड बाण रचायला खोलच खोल कोठी लागते.

निवड झाली दोन जहाजांची: 'बॉस्टन' आणि 'कॅनबेरा'. आठ वर्षांपूर्वी एकाच तुकडीत, एक ओढणारी आणि एक ओढली जाणारी. १९५२ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या गोदीत काम सुरू झालं आणि चार वर्षं चाललं.

पुढचे दोन बुरूज ठेवले. मागचा तिसरा काढला. 'काढला' हा शब्द लिहायला सोपा आहे. असा एक बुरूज सुमारे ३०० टनांचा असतो, आणि तो फक्त डेकवर बसवलेला नसतो. त्याच्याखाली गोल विहीर असते, अनेक मजले खोल, तळाशी दारूगोळ्याची कोठारं. ते सगळं उपसून काढलं. त्या जागेत दोन लाँचर आणि त्यांच्या खाली कोठ्या, दोन्हींत मिळून १४४ क्षेपणास्त्रं. लाँचरचे हात सरळ आकाशाकडे उभे करायचे, डेकमधली झाकणं उघडायची, खालून बाण हातांवर सरकवायचे, मग हात वाकवून नेम. तोफांच्या काळातल्या खलाशाला हे नाटकातल्या यंत्रासारखं वाटलं असणार.

मग वरची बाजू. दोन धुरांड्यांचं एकच केलं, कारण रडारना डेकवर आणि आकाशाकडे मोकळी जागा हवी. रडारच्या तबकड्या उंचावर बसवाव्या लागतात, आणि उंचावरचं वजन जहाजाला कलंडवायला बघतं. खालून जड बुरूज काढून वर तबकड्या चढवायच्या, म्हणजे डोक्यावरची कळशी भरायची आणि पाय बारीक करायचे. अशा प्रत्येक रूपांतरात अभियंत्यांचा अर्धा जीव या एकाच हिशेबात जातो.

टेरियर नीट चालले तर पुढच्याही तोफा काढून तिथेही लाँचर लावायचे, असा मूळचा विचार होता. तो राहून गेला. या जहाजाच्या नशिबात हा आळस, किंवा काटकसर म्हणा, सगळ्यात कामाची ठरली.

'बॉस्टन' नोव्हेंबर १९५५ मध्ये परत नौदलात आली, जगातली पहिली क्षेपणास्त्र क्रूझर म्हणून. 'कॅनबेरा' १५ जून १९५६ ला. नंबर नवे: एक आणि दोन. वर्गाचं नाव सीएजी. सी म्हणजे क्रूझर, ए म्हणजे जड, आणि शेवटचं जी म्हणजे 'गायडेड', दिशा दिलेली क्षेपणास्त्रं असलेली. सगळा मान त्या शेवटच्या अक्षरात होता.

मिरवायचे दिवस

पुढची काही वर्षं 'कॅनबेरा' नौदलाची लाडकी होती. मार्च १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तिच्यावरून बर्म्युडाला गेले, ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांना भेटायला. सुएझवरून आदल्या वर्षी दोन मित्रांत जे फाटलं होतं ते शिवायला. अशा भेटीला नव्या शस्त्राचं जहाज घेऊन जाण्यात दाखवण्याचाही भाग असतो.

त्यानंतरचा प्रसंग मात्र वेगळा आहे. २६ मे १९५८, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापलीकडचा समुद्र. 'कॅनबेरा'च्या डेकवर झेंड्यांत गुंडाळलेल्या तीन शवपेट्या. एक कोरियाच्या युद्धातल्या अनामिक सैनिकाची. उरलेल्या दोन दुसऱ्या महायुद्धातल्या, एक युरोपातली आणि एक पॅसिफिकमधली. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला अनामिक सैनिकाच्या समाधीत महायुद्धाचा एकच जायचा होता. निवड करायला बोलावलं होतं विल्यम शॅरेट यांना. ते नौदलाच्या वैद्यकीय सेवेतले, अधिकारी नव्हे तर साधे शिपाईगडी, आणि कोरियातल्या कामगिरीसाठी देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले. दोन पेट्या हुबेहूब सारख्या, कुठली कुणाची हे त्यांना माहीत नाही. ते पुढे गेले, उजवीकडच्या पेटीशी पुष्पचक्र ठेवलं आणि सलाम केला. तो सैनिक आर्लिंग्टनला गेला. दुसऱ्याला 'कॅनबेरा'ने समुद्रात जलसमाधी दिली. युरोपातला कोण आणि पॅसिफिकमधला कोण, हे कुणालाच कळू दिलेलं नाही.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाच्या पेचप्रसंगात ती नाकाबंदीच्या रेषेवर उभी होती. रशियन जहाजं मागे फिरली, आणि कुणालाच काही डागावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी तिचा मुक्काम अटलांटिकवरून पॅसिफिकला, सॅन डिएगोला हलला.

दहा वर्षांत म्हातारं झालेलं नवं

आणि इथे तिच्या पोटातली दोन घड्याळं वेगवेगळी चालायला लागली.

क्षेपणास्त्रांचं तंत्र त्या काळात मोबाइल फोनसारखं धावत होतं. टेरियरच्या नव्या आवृत्त्या आल्या. त्यांना झोताच्या दांडीवर चढून जायची गरज नव्हती. जहाजाच्या रडारने विमान उजळायचं, आणि विमानावरून परत येणारी चमक बाणाने स्वतःच्या नाकातल्या डोळ्याने पकडायची. म्हणजे बाण विमानाच्या जितका जवळ जाईल तितका त्याचा नेम पक्का, झोताच्या अगदी उलटं. पण यासाठी रडार वेगळ्या प्रकारचं लागतं. 'कॅनबेरा' आणि 'बॉस्टन'वर होती ती पहिल्या पिढीची. पहिल्यांदा घर बांधणाऱ्याकडे सगळ्यात जुनं वायरिंग असतं, तसं यांचं झालं. मागून आलेल्या जहाजांकडे चांगलं आणि पहिल्या आलेल्यांकडे जुनाट. नवं बसवायचं तर परत गोदी, परत पैसे, आणि तेही युद्धकाळातल्या जहाजावर.

१९६५ मध्ये ती व्हिएतनामच्या किनाऱ्यावर पोहोचली, तेव्हा तिच्याकडून काय मागितलं गेलं? तोफा. किनाऱ्यावरचे पूल, रस्ते, तोफखाने, रसद नेणाऱ्या होड्या. विमानं पाडायचा प्रसंग तिच्यावर आला नाही. कोठीतल्या क्षेपणास्त्रांचं तिथे काही कामच नव्हतं, आणि पुढच्या दोन बुरुजांतल्या सहा म्हाताऱ्या तोफांना दम घ्यायला फुरसत नव्हती. रूपांतराच्या वेळी आळसाने ठेवलेल्या त्याच तोफा. नौदलाकडे मोठ्या तोफांची इतकी चणचण होती की १९६८ मध्ये 'न्यू जर्सी' ही बॅटलशिप कुलूप काढून परत आणावी लागली.

या तोफांपायी 'कॅनबेरा'वरून एक माणूस समुद्रात पडला, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ६ एप्रिल १९६७, टोंकिनच्या आखातात पहाटेचा अंधार. डग्लस हेगडाल, वय वीस, दक्षिण डाकोटा राज्यातला पोरगेला खलाशी, डेकवर आला होता. तोफा सुरू होत्या. मोठी तोफ सुटते तेव्हा नळीच्या तोंडातून हवेचा जो लोट येतो तो लाटेसारखाच ढकलतो. हेगडाल पाण्यात पडला आणि जहाज अंधारात निघून गेलं. कित्येक तास तो तरंगत राहिला, मग व्हिएतनामी कोळ्यांनी त्याला वर ओढलं.

हनोईच्या तुरुंगात त्याने जी भूमिका वठवली ती पट्टीच्या नटाला जमणार नाही. आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, डोक्यात फारसं काही नाही, असं त्याने पटवून दिलं. पहारेकऱ्यांनी त्याला अंगण झाडायला मोकळा सोडला. झाडता झाडता त्याने पाच ट्रकच्या इंधनटाक्यांत मूठ-मूठ माती टाकली. आणि सहकैद्यांची नावं पाठ केली, अडीचशेहून अधिक, कोण कधी आणि कसा पकडला गेला यासकट, एका बालगीताच्या चालीवर बसवून. सुटकेची संधी आली तेव्हा एकट्याने सुटायचं नाही हा कैद्यांचा आपसातला नियम होता, पण वरिष्ठांनी त्याला जायचा हुकूमच दिला. ऑगस्ट १९६९ मध्ये तो बाहेर आला आणि यादी म्हणून दाखवली. ज्यांच्याबद्दल घरी काहीच खबर नव्हती, अशा कित्येकांचा पत्ता त्यातून लागला.

मधल्या काळात त्याच्या जहाजाचा कागदावरचा दर्जा बदलला होता. १ मे १९६८ ला नौदलाने 'कॅनबेरा' आणि 'बॉस्टन' दोघींच्याही नावातलं ते मानाचं शेवटचं अक्षर काढून घेतलं. सीएजी-२ ची परत सीए-७० झाली. साधी जड क्रूझर, १९४३ मध्ये होती तशी, फक्त तीनऐवजी दोन बुरुजांची. बारा वर्षांपूर्वी जे नवं म्हणून बसवलं ते निकामी धरलं गेलं, आणि जे जुनं म्हणून अर्धं काढलं होतं त्यावरूनच तिची ओळख ठरली.

दुसऱ्या टोकाला गेलेली भावंडं

यावरून 'म्हणजे क्षेपणास्त्रं हा फुगाच होता' असं कुणी म्हणेल, तर ते चूक आहे. अमेरिकेने पुढे आणखी काही क्रूझरचं असंच रूपांतर केलं. त्यातल्या 'अल्बनी', 'शिकागो' आणि 'कोलंबस' या तिघींच्या तर पुढच्या, मागच्या सगळ्या मोठ्या तोफा काढून टाकल्या. आता सगळा भरवसा क्षेपणास्त्रांवर. नंतर लक्षात आलं की अशा जहाजाला साधी एखादी होडीसुद्धा हटकता येत नाही, म्हणून त्यांच्यावर पाच इंची दोन छोट्या तोफा परत आणून बसवल्या. पण मे १९७२ मध्ये याच 'शिकागो'ने टेलॉसने एक मिग विमान पाडलं, ७० किलोमीटरहून जास्त अंतरावरचं. तोफेच्या बापाला जमलं नसतं. म्हणजे मूळ कल्पना बरोबर होती. फक्त पहिली दोन जहाजं ती फार लवकर अंगावर घेऊन बसली.

आपल्याकडे हा मार्ग क्रूझरवर कधी वापरला नाही. 'दिल्ली' आणि 'म्हैसूर' शेवटपर्यंत तोफांच्याच राहिल्या, आणि १९७१ मध्ये कराचीवर क्षेपणास्त्रं डागली ती छोट्या बोटींनी. पुढे माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या 'दिल्ली' आणि 'म्हैसूर' आल्या त्या मुळातच क्षेपणास्त्रांच्या. नाव जुनं ठेवून जहाज नवं बांधणं, हा जुन्या जहाजात नवं कोंबण्यापेक्षा सुटसुटीत प्रकार आहे, असं मला वाटतं. अर्थात ते करायला मध्ये बरीच वर्षं थांबावं लागलं.

'कॅनबेरा' २ फेब्रुवारी १९७० ला सॅन फ्रान्सिस्कोत सेवेतून उतरली. १९७८ मध्ये यादीतून नाव काढलं, १९८० मध्ये भंगारात विकली. तिचं नाव आता एका नव्या अमेरिकन जहाजाला आहे, जे जुलै २०२३ मध्ये मुद्दाम सिडनीला नेऊन तिथे नौदलात दाखल केलं गेलं. जुन्या जहाजाचा एक पंखा लॉस एंजेलिसच्या सागरी संग्रहालयात आहे. घंटा अध्यक्ष बुश यांनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॉवर्ड यांच्या हाती दिली, वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत, १० सप्टेंबर २००१ ला. ती आता सिडनीत, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आहे.